जीर्णोद्धाराच्या नावाने

जीर्णोद्धार हा आपल्या भाषेतला मोठा भाग्यवान शब्द आहे. तो उच्चारताच पावतीपुस्तके निघतात, वर्गणीचे आकडे लागतात, सभेत टाळ्या पडतात, आणि जो कोणी 'जरा थांबा' म्हणेल तो धर्मकार्यात खोडा घालणारा ठरतो. हा ठपका पत्करून आम्ही आज थांबा म्हणणार आहोत. जुन्या चर्चची कौले, गिलावा, लाकडी आल्तार, झिजलेल्या पायऱ्या आणि थडग्यांचे दगड एका झपाट्यात काढून टाकायचे, त्या जागी गुळगुळीत नवे चर्च उभे करायचे आणि त्याला जीर्णोद्धार म्हणायचे, हा शब्दाचा गैरवापर आहे. जीर्णाचा उद्धार करायचा तर आधी ते जीर्ण शिल्लक तरी ठेवावे लागते.

आपल्या अंगणातले उदाहरण घेतले की माणसे दुखावतात. मूळ मुद्दा बाजूला राहतो आणि लेखक कोणत्या आळीतला, कोणाच्या गटातला, याचीच चर्चा सुरू होते. म्हणून आम्ही वाचकांना आधी दूर इंग्लंडात नेतो. जुनी चर्चेस 'सुधारण्याचा' हा रोग तिथे फार मोठ्या प्रमाणावर फैलावला होता, आणि त्यावरचा उतारही तिथेच सापडला.

विल्टशर परगण्याच्या उत्तर टोकाला, थेम्स नदी अजून लहान असते अशा ठिकाणी, लेचलेड या गावाजवळ इंगलशम नावाची वस्ती आहे. वस्ती म्हणायचे ते केवळ उपचारापुरते. चर्चजवळ आता मोजकीच घरे उरली आहेत. एके काळी तिथे गाव होते. ते कधीच विरून गेले. राहिले ते संत योहान बाप्तिस्ता याला वाहिलेले एक छोटे चर्च. त्याला उंच मनोरा नाही. पश्चिमेच्या भिंतीवर दोन घंटा टांगता येतील एवढे एक दगडी शिखर आहे, तेच त्याचे घंटाघर. आत एक मुख्य दालन, त्याच्या दोन्ही बगलांना कमानींनी जोडलेली दोन अरुंद दालने, आणि पूर्वेला वेदीगृह. बांधकामाचा बराचसा भाग सन १२०५च्या आसपासचा आहे. पण त्या जागेवरची प्रार्थना त्याहून जुनी असल्याची साक्ष भिंतीतला एक कोरीव दगड देतो. तो नॉर्मन लोक इंग्लंडात येण्याच्या सुमाराचा, सॅक्सन परंपरेतला आहे. पवित्र मरिया बसली आहे, मांडीवर बाळ येशू आहे, आणि वरून परमेश्वराचा हात आशीर्वादासाठी खाली आला आहे. शिल्प ओबडधोबड आहे. मरियेची मान बाळाकडे इतकी झुकली आहे की, शिल्पकाराला प्रमाणशास्त्र ठाऊक नसले तरी आई ठाऊक होती हे कोणीही ओळखावे. हा दगड कित्येक पिढ्या बाहेरच्या भिंतीत होता. कोणीतरी त्याच्यावर सावलीचे घड्याळ कोरून घेतले होते. मिस्साची वेळ पाहण्यासाठी माणसे प्रत्यक्ष मरियामातेकडे पाहत होती, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी तो दगड आत आणला गेला.

या चर्चमध्ये पाऊल टाकणाऱ्याला पहिली जाणीव होते ती नीटनेटकेपणाच्या अभावाची. कमानी तेराव्या शतकातल्या. लाकडी जाळीदार पडद्या त्यानंतरच्या मध्ययुगातल्या, म्हणजे तिथे लॅटिन भाषेत मिस्सा होत असे त्या काळच्या. प्रवचनपीठ सतराव्या शतकातले. बाके पेटीसारखी, बंदिस्त, दारे असलेली, जिच्या-तिच्या उंचीने उभी. ती सतराव्या-अठराव्या शतकांतली, म्हणजे प्रॉटेस्टंट काळातली. भिंतींवर चित्रांचे आणि अक्षरांचे थर एकावर एक चढले आहेत. तेराव्या शतकाचा रंग खाली, त्यावर दुसरा हात, त्यावर धर्मसुधारणेनंतर चित्रांच्या जागी लिहिलेली शास्त्रवचने, आणि थेट एकोणिसाव्या शतकापर्यंतची भर. कुठे वरचा थर निखळून खालचा डोकावतो, कुठे एका शतकाचे वाक्य दुसऱ्या शतकाच्या नक्षीत शिरते. वाचता काहीच धड येत नाही. तरीही सहा-सात शतके एकाच भिंतीपुढे गुडघे टेकलेली माणसे आपल्यासमोर एकाच वेळी उभी राहतात. अशी भिंत कोणत्याही वास्तुविशारदाला रेखाटून देता येणार नाही.

हे चर्च असे राहिले कसे, हा खरा प्रश्न आहे. कारण तशी हजारो होती आणि बहुतेक तशी राहिली नाहीत.

मध्ययुगीन खेड्यातले चर्च कोणाचे असे, हे आधी पाहिले पाहिजे. बिशपांचे? जमीनदाराचे? धर्मगुरूंचे? तेराव्या शतकापासून इंग्लंडात एक सर्वमान्य वहिवाट पडली होती. वेदीगृहाची डागडुजी धर्मग्रामाचे उत्पन्न घेणाऱ्याने करायची, आणि लोक जिथे उभे राहतात त्या दालनाची डागडुजी लोकांनी करायची. भिंतीतल्या एका कमानीपाशी जबाबदारीची सीमा होती. त्यामुळेच कित्येक खेड्यांत वेदीगृह लहान, काळोखे आणि जुनाट, तर लोकांचे दालन उंच, प्रशस्त आणि मोठ्या खिडक्यांचे, असा विचित्र देखावा आजही दिसतो. उत्पन्न घेणारा हात आखडता घेत होता आणि गवत कापणारा, मेंढ्या राखणारा माणूस पैसा मोजत होता. दोन जणांना विश्वस्त म्हणून निवडायचे, त्यांनी मेणबत्त्यांपासून छपराच्या शिशापर्यंतचा हिशेब ठेवायचा, सणाला गावजेवण घालून व मद्य विकून निधी उभारायचा, हा सारा व्यवहार आपल्या पाड्यांतल्या व आळ्यांतल्या सणांच्या व्यवस्थेशी इतका जुळतो की, त्यासाठी आम्हांला वेगळे स्पष्टीकरण देण्याची गरज वाटत नाही.

लोकांचे होते म्हणूनच ते वाढत गेले. माणसे वाढली की गावकरी चर्च पाडत नसत. जुन्या भिंतीत कमानी फोडून बाहेर एक बगलेचे दालन जोडत. आणखी वाढली की दुसऱ्या बाजूला दुसरे. यॉर्कशरमधील व्हॅरम पर्सी या गावाची कथा या बाबतीत पाहण्यासारखी आहे. हे गाव सुमारे १५००च्या आगेमागे ओस पडले. शेतीची कुरणे झाली आणि माणसांची जागा मेंढ्यांनी घेतली. मॉरिस बेरेसफर्ड आणि जॉन हर्स्ट या अभ्यासकांच्या पुढाकाराने १९५० ते १९९० अशी चाळीस वर्षे तिथे उत्खनन चालले. तिथल्या संत मार्टिनच्या चर्चचा पाया उकरला तेव्हा दिसले ते असे: गाव भरभराटीत होते तेव्हा चर्चला बगलेची दालने फुटली, पुढे काळ्या मृत्यूची साथ आली, मग स्थलांतर झाले, माणसे घटत गेली, तसतशी ती दालने काढून कमानी बुजवण्यात आल्या. शिरगणतीचे कागद नसलेल्या त्या काळाची शिरगणती भिंतींनी करून ठेवली आहे. ते चर्च सपाट करून कोणी नवे बांधले असते तर हा कागद फाटला असता.

येथे आमच्यावर एक आक्षेप येईल आणि तो वजनदार आहे. मध्ययुगातली माणसेही पाडत होतीच की! त्यांनी जुनी वेदीगृहे पाडून मोठी बांधली, बारीक खिडक्या फोडून रुंद केल्या. मग आम्हीच का हात बांधून बसावे? आक्षेप खरा आहे. मध्ययुगीन माणूस भूतकाळाचा पुजारी नव्हता. पण त्याच्या हातात छिन्नी होती, आणि पाडण्याचा वेग बांधण्याच्या वेगाइतकाच मंद होता. एक दालन जोडायला कधी कधी एक पिढी जाई. त्या काळात गावाला विचार करायला, भांडायला आणि पैसा संपल्यावर थांबायला सवड मिळे. म्हणूनच आधीच्या पिढीचे काहीतरी नेहमी उरत असे. आज यंत्र आले की आठवड्यात चारशे वर्षांचा चौथरा मोकळा होतो, आणि विचार उद्‌घाटनाच्या दिवशी सुरू होतो. शिवाय तो माणूस आपल्या काळाचे काम आपल्या काळाच्या पद्धतीने करी. आपण नवे बांधतो आणि त्याला प्लास्टर ऑफ पॅरिसच्या गॉथिक कमानी चिकटवतो. तो तसले सोंग करीत नसे.

आता इतिहासाच्या त्या वळणाकडे येऊ, जिथे आपण कॅथोलिक मंडळी डोळे पुसून थांबतो आणि पुढचे पान उलटीत नाही. आठव्या हेन्रीने रोमशी नाते तोडले. सहाव्या एडवर्डच्या कारकिर्दीत, १५४७ पासून, मूर्ती आणि चित्रे हटवण्याचे हुकूम सुटले. गावोगावच्या कमानींवरून क्रूसमूर्ती खाली आल्या, दगडी वेद्या १५५० नंतर फोडल्या गेल्या. मेरी राणीच्या पाच वर्षांत लोकांनी लपवलेले काही बाहेर काढले. एलिझाबेथच्या काळात ते पुन्हा गेले. पुढे १६४३-४४ मध्ये विल्यम डाउझिंग नावाचा गृहस्थ सरकारी अधिकारपत्र घेऊन सफक आणि केंब्रिजशर परगण्यांतून फिरला आणि कोणत्या चर्चमध्ये किती चित्रे फोडली याची त्याने रोजनिशी ठेवली. हे सारे आपल्याला ठाऊक असते आणि त्याचे दुःख आपण बाळगतो.

परंतु भिंतींवरच्या चित्रांचे काय झाले? त्यांच्यावर चुन्याचे हात मारले गेले. चुना स्वस्त होता आणि हुकूम तातडीचा होता. कळीचा चुना पाण्यात विरवला, भिंतीला लावला, की हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून तो हळूहळू पुन्हा चुनखडीसारखा घट्ट होतो. त्या पातळ कवचाखाली चित्रे झाकली गेली आणि म्हणूनच टिकली. नाश करायला निघालेल्यांनी नकळत जतन करून ठेवले. तीनशे वर्षांनी जुन्या चर्चवर प्रेम करणारे, मध्ययुगाचे गोडवे गाणारे लोक आले. त्यांना चुन्याचा गिलावा घाणेरडा वाटला. आत 'प्रामाणिक' दगड आहे, तो दिसला पाहिजे, असे म्हणून त्यांनी भिंती खरवडल्या. गिलाव्याबरोबर चित्रेही टोपलीत गेली. हा दगड मुळी दाखवण्यासाठी रचलेलाच नव्हता. खेड्यातल्या गवंड्याने तो गिलावा चढणार याच हिशेबाने ओबडधोबड रचला होता. शत्रूने झाकले आणि मित्राने खरवडले!

सफकमधील वेनहॅस्टनची हकीकत या संदर्भात प्रसिद्ध आहे. तिथे वेदीगृहाच्या कमानीवर फळ्यांचा एक पांढरा पडदा होता. १८९२ साली चर्चचे काम निघाले तेव्हा या फळ्या टाकाऊ म्हणून काढल्या आणि दफनभूमीत टाकल्या. रात्री पाऊस झाला. चुना धुऊन निघाला आणि सकाळी गवतावर अंतिम न्यायाचे भव्य चित्र पडलेले दिसले: न्यायदाता प्रभू ख्रिस्त, आत्मे तोलणारा संत मिखाएल, स्वर्गाच्या दाराशी संत पेत्र, नरकाचा जबडा. साडेतीनशे वर्षे ते तिथे होते आणि जीर्णोद्धार करणाऱ्यांनी ते सरपणाच्या ढिगावर टाकले होते. पाऊस एक दिवस उशिरा आला असता तर? किती गावांत तो आलाच नसेल?

या खरवडीमागे कोण होते? गुंड नव्हते, नास्तिकही नव्हते. विद्वान आणि भाविक माणसे होती. १८३९ साली केंब्रिजमध्ये एक मंडळ स्थापन झाले. चर्चची वास्तू कशी असावी याचे शास्त्र बांधण्याचे त्याने मनावर घेतले. चौदाव्या शतकातली गॉथिक शैली तेवढी परिपूर्ण, त्याआधीची कच्ची आणि त्यानंतरची भ्रष्ट, असा त्यांचा सिद्धान्त होता. त्यामुळे बाराव्या शतकाची खिडकी काढून चौदाव्या शतकासारखी नवी बसवणे हे त्यांना पाप न वाटता पुण्य वाटू लागले. आमच्या कॅथोलिक वाचकांनी येथे फार सुखावून जाऊ नये. गॉथिक हीच एकमेव ख्रिस्ती वास्तुकला होय हा उपदेश सर्वांत आवेशाने करणारा ऑगस्टस प्यूजिन हा १८३५ साली कॅथोलिक झालेला, आपल्याच घरातला माणूस होता. प्यूजिन प्रतिभावंत होता यात शंका नाही. जुन्या चर्चच्या कत्तलीचा आरोपही आम्ही त्याच्यावर ठेवीत नाही. पण एकाच शतकाला स्वर्गाचा शिक्का देण्याची सवय त्याने लावली आणि तिची किंमत दगडांनी मोजली. १८४० ते १८७५ या पस्तीस वर्षांत इंग्लंड आणि वेल्समधली जुनी-नवी मिळून सात हजारांहून अधिक चर्चेस 'सुधारली' गेली किंवा नव्याने बांधली गेली. डाउझिंगला इतके जमले नव्हते.

याविरुद्ध उभा राहिला तो विल्यम मॉरिस. कवी, विणकर, छापखानदार आणि पुढे समाजवादी. देवधर्माशी त्याचे फारसे सख्य नव्हते. १८७६ साली बर्फर्डच्या चर्चमध्ये चाललेली खरवड पाहून तो संतापला. तिथल्या पाळकाने त्याला ऐकवले की, चर्च माझे आहे, माझ्या मनात आले तर मी त्यात डोक्यावर उभा राहीन. अशी आख्यायिका इंग्लंडात आवडीने सांगितली जाते. ती शब्दशः खरी असो वा नसो, तिच्यातला 'माझे' हा शब्द मात्र आम्हांला फार ओळखीचा वाटतो. पुढच्या वर्षी, मार्च १८७७ मध्ये, ट्यूक्सबरीच्या जुन्या मठचर्चवर सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांचा हात पडणार असे कळताच मॉरिसने वृत्तपत्राला खरमरीत पत्र धाडले आणि त्याच महिन्यात प्राचीन वास्तूंच्या संरक्षणासाठी संस्था उभी केली. लोक त्या मंडळींना गमतीने 'खरवडविरोधी' म्हणत. त्यांची शिकवण एका ओळीत मावते. रोजची काळजी घ्या, म्हणजे जीर्णोद्धाराची वेळच येणार नाही. छप्पर गळते तर छप्पर दुरुस्त करा. भिंत कलते तर टेकू द्या. नवा तुकडा घालणे भागच असेल तर तो नवा म्हणून ओळखू येऊ द्या, जुन्याची नक्कल करू नका.

इंगलशम मॉरिसच्या केल्म्सकॉट येथील घरापासून काही मैलांवर आहे. १८८८-८९ मध्ये त्या चर्चची दुरुस्ती निघाली तेव्हा त्याने स्वतः पैसा उभारण्यात हातभार लावला आणि काम जे. टी. मिकलथ्वेट या वास्तुविशारदाच्या देखरेखीखाली झाले. काय केले त्यांनी? दुरुस्ती केली आणि बाकी सगळे जसेच्या तसे ठेवले. मध्ययुगावर जीव टाकणाऱ्या मॉरिसने अठराव्या शतकातली ती पेट्यांसारखी बाके काढली नाहीत. ती मध्ययुगीन नव्हती, सुंदरही नव्हती. पण त्यांत बसून कोणीतरी शंभर-दीडशे वर्षे प्रार्थना केली होती. श्रद्धा नसलेल्या माणसाला हे कळले. जिथे धर्मगुरू आणि विश्वस्त भिंत खरवडायला निघाले होते, तिथे या समाजवाद्याने शेतकऱ्यांच्या प्रार्थनेची कदर केली. आपल्या सोयीने आपण 'प्रॉटेस्टंटांची बाके' म्हणून ती मनातल्या मनात फेकून देतो तेव्हा आपणही केंब्रिजच्या त्या मंडळाचे सभासद होतो, हे ध्यानात असू द्यावे.

आता घराकडे वळू. आपली वसईची, साष्टीची किंवा गोव्याची चर्चेस मध्ययुगीन नव्हेत. ती पोर्तुगीज काळातली, सोळाव्या शतकात आणि त्यानंतर उभी राहिलेली. पण खरवडीचा रोग समुद्र ओलांडून इथे येऊन पोहोचला याचा पुरावा आपण सर्वांनी डोळ्यांनी पाहिला आहे. जुन्या गोव्यातील बॉम जेझू बॅसिलिका, जिथे संत फ्रान्सिस झेवियर यांचा देह आहे, तिचा पाया १५९४ मध्ये घातला गेला आणि १६०५ मध्ये ती पूर्ण झाली. तिच्या जांभ्या दगडाच्या भिंतींवर साडेतीन शतके चुन्याचा गिलावा होता. पोर्तुगीज राजवटीच्या अखेरच्या दशकात, १९५०च्या सुमारास, 'प्राचीन' रूप दिसावे म्हणून तो उतरवला गेला. जांभा सच्छिद्र असतो. पाऊस तो स्पंजासारखा पितो. सुमारे ३००० मिलिमीटर पावसाच्या प्रदेशात जांभ्याला चुन्याचे आवरण देणे ही गवंड्याची हौस नव्हती, गरज होती. तेव्हापासून तो दगड उघडा भिजतो आहे आणि झिजतो आहे. गिलावा पुन्हा चढवावा असे जाणकार सांगतात, तर लोक म्हणतात, आम्हांला ती लाल भिंतच आवडते, बॅसिलिका अशीच तर होती! दोन पिढ्यांत खोटे रूप खरे होऊन बसले. खाली शेजारचे सी कॅथेड्रल पांढरेशुभ्र उभे आहे, ते पाहूनही डोळे उघडत नाहीत.

वसई-मुंबईच्या खेड्यांत खरवडीच्या पुढची पायरी गाठली गेली आहे. येथे भिंतच ठेवीत नाहीत. आम्ही कोणत्याही धर्मग्रामाचे नाव घेणार नाही. वाचकांनी आपापल्या वडीलधाऱ्यांना विचारावे: जुना लाकडी आल्तार कुठे गेला? प्रवचनपीठ कोणी नेले? फरशीतल्या थडग्यांचे लेख कोणी उतरवून ठेवले होते का? जिथे जुनी भिंत वाचली आहे तिथे चुन्यावर सिमेंट थापलेले आहे. चुन्याची भिंत श्वास घेते, आत आलेली ओल बाहेर टाकते. सिमेंट ती ओल कोंडते, आणि चार पावसाळ्यांत पोपडे सुटू लागले की तोच कंत्राटदार येऊन सांगतो की, भिंत संपली, पाडावीच लागेल. रोगही त्याचाच, औषधही त्याचेच.

पाडण्याच्या बाजूने जे बोलले जाते ते आम्ही लक्षपूर्वक ऐकले आहे. पहिले म्हणणे असे की, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनाविधी बदलला, म्हणून जुनी रचना निकामी झाली. ज्यांनी परिषदेचे दस्तऐवज वाचले नाहीत त्यांचेच हे म्हणणे असू शकते. डिसेंबर १९६३ मध्ये संमत झालेल्या उपासनाविषयक संविधानात स्पष्ट सांगितले आहे की, ख्रिस्तसभेने कोणतीही एक कलाशैली आपली म्हणून ठरवलेली नाही, प्रत्येक काळाची शैली तिने स्वीकारली आहे आणि हा शतकांचा ठेवा काळजीपूर्वक जपायचा आहे. पवित्र वस्तू आणि मौल्यवान कलाकृती विकल्या वा विखुरल्या जाऊ नयेत यावर बिशपांनी बारकाईने लक्ष ठेवायचे आहे. १९८३च्या धर्मसंहितेचे १२१६ क्रमांकाचे कलम चर्च बांधताना आणि दुरुस्त करताना तज्ज्ञांचा सल्ला घेण्यास सांगते. तज्ज्ञ म्हणजे सर्वांत कमी दराची निविदा भरणारा नव्हे, एवढा खुलासा संहितेने केलेला नाही. त्याची गरज पडेल असे रोमला वाटले नसावे.

दुसरे म्हणणे लोकसंख्येचे. ते खरे आहे. रविवारी माणसे बाहेर उन्हात उभी राहतात हे आम्हांला दिसते. पण मग नवे सभागृह जुन्याच्या शेजारी का उभे राहत नाही? बगलेचे दालन का फुटत नाही? आपल्या काळाच्या काँक्रीटचे, आपल्या काळाच्या उंचीचे एक प्रामाणिक चर्च बाजूला बांधा. आम्ही पहिली वर्गणी देऊ. जुने मात्र लग्नाला, स्नानसंस्काराला, आराधनेला राहू द्या. तिसरे म्हणणे सुरक्षिततेचे. धोकादायक छपराखाली मुलांना बसवा असे कोणीही शहाणा सांगणार नाही. पण छप्पर धोकादायक होते ते एका रात्रीत होत नाही. पन्हळीत साचलेला पाला, सरकलेले एक कौल, वाशाच्या टोकाला लागलेली वाळवी यांच्याकडे वीस वर्षे कोणी पाहिलेले नसते.

आणि गावच उठून गेले तर? इंगलशमचे गाव गेले. नियमित उपासना संपल्यावर ते चर्च एका राष्ट्रीय न्यासाकडे गेले, आणि आज तीनशेंहून अधिक अशा चर्चेसबरोबर त्याची देखभाल होते. दार उघडे असते, छप्पर गळत नाही. त्याच संत योहान बाप्तिस्त्याच्या नावाचे एक चर्च मुंबईत, अंधेरीच्या सीप्झ औद्योगिक वसाहतीच्या आवारात आहे. जेझुइटांनी ते १५७९ मध्ये बांधले. १८४० साली साथ आली, गावकरी मरोळला सरकले आणि चर्च मागे पडले. आज ते भग्न आहे. आत जायला परवानगी लागते आणि वर्षातून एकदा तिथे मिस्सा होते. त्या मिस्सेला माणसे गर्दी करतात हे आम्हांला मोलाचे वाटते. उरलेले ३६४ दिवस त्या भिंतींकडे कोण पाहते, हेही विचारावेसे वाटते.

आमची मागणी मोठी नाही. कोणत्याही जुन्या चर्चला हात लावण्याआधी त्याचे मोजमाप घेऊन नकाशे व्हावेत, प्रत्येक भिंतीची, लेखाची, लाकडी कामाची छायाचित्रे निघावीत आणि त्यांची एक प्रत बिशपांच्या कार्यालयात, एक धर्मग्रामात राहावी. चर्चमधून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक वस्तूची नोंद सहीनिशी व्हावी. चुन्याच्या भिंतीला चुन्यानेच बुजवावे. चुना मळणारे चार जुने गवंडी अजून किनाऱ्यावर सापडतील, त्यांच्या हाताखाली आपली दोन मुले लावावीत. आणि पाडण्याचा ठराव एका सभेत, एका वर्षात संमत होऊ नये. तीन वर्षे लागोपाठ तो मांडावा आणि तिन्ही वर्षे लोकांनी हात वर करावेत. तोवर मे महिना संपण्यापूर्वी कोणीतरी शिडी लावून पन्हळी साफ कराव्यात. त्या कामाला निविदा लागत नाही.